अकोल्यात चढ कुठे आहे?

नव्या गावात घर शोधणारी माणसं आधी पाण्याचं विचारतात. अकोल्यात तर विचारावंच लागतं. नळ किती दिवसांआड येतो, टाकी केवढी आहे, बोअरचं पाणी खारं आहे की गोडं. मीही हे सगळं विचारायची, पण शेवटी. आधी विचारायची, इथून जवळात जवळ चढ कुठे आहे?

घरमालक गोंधळून जायचे. एकाने मला गच्चीवर नेऊन लांबचा उड्डाणपूल दाखवला. दुसऱ्याला वाटलं माझे गुडघे दुखतात, म्हणून त्याने आपलं घर कसं तळमजल्यावर आहे आणि पायरी कशी एकच आहे हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "नवस हाये का काही?" मी नाही म्हटलं तरी त्यांनी पातूरच्या टेकडीवरच्या रेणुकामातेचा पत्ता सांगून ठेवला.

मी भूगोल शिकवते. समोच्च रेषा जवळ जवळ आल्या की चढ तीव्र आणि लांब लांब गेल्या की जमीन सपाट, हे मी इतक्या वर्गांना सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. अकोल्याच्या नकाशात त्या रेषा इतक्या लांब लांब होत्या, की एक इथे दिसली तर दुसरीसाठी बोट सरकवत बसावं लागे. हे मला घर बघण्याआधीही ठाऊक होतं. तरी मी विचारत राहिले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

झालं होतं असं, की अमरावतीच्या आमच्या शाळेची पटसंख्या घसरली, मी अतिरिक्त ठरले आणि माझं समायोजन अकोल्याच्या शाळेत झालं. 'समायोजन' हा शब्द ज्याने शोधला त्याला कधी घर बदलावं लागलं नसावं. सगळ्यांचा सल्ला एकच, अपडाऊन करा. बडनेऱ्याहून गाडी, मध्ये मूर्तिजापूर, की आलंच अकोला. निम्मी वऱ्हाडातली नोकरदार माणसं तेच करतात. मीही करून पाहिलं. पण शाळा सकाळची होती, आणि प्रार्थनेला मुख्याध्यापक घड्याळाकडे आणि मुलं माझ्याकडे बघत असायची. शेवटी माझ्या मुलीचे बाबा म्हणाले, तिकडेच खोली घे. त्यांचं औषधांचं दुकान अमरावतीत, ते काही उचलून नेता येत नव्हतं.

राहता राहिली मुलगी. तिची नोकरी लॅपटॉपवरची. कंपनी कुठल्याशा लांबच्या शहरात, साहेब आणखी तिसरीकडे, आणि ही आमच्या जेवणाच्या टेबलावर. ती कुठेही राहू शकत होती. मला ती माझ्यासोबत हवी होती.

खरं सांगायचं तर मला एकटीला राहायची भीती वाटत होती. माहेराहून होस्टेलवर, होस्टेलवरून सासरी, कायम आजूबाजूला कोणीतरी. पन्नाशीला आलेल्या बाईने असं म्हणणं हास्यास्पद आहे हे कळत होतं, म्हणून मी ते म्हणाले नाही. मी म्हणाले, "तुला तिकडे शांतता मिळेल कामाला."

ती म्हणाली, "आई, तिकडे डोंगर आहे का?"

तिची सायकल म्हणजे आमच्या घरातलं एक प्रकरण आहे. जाड दातेरी टायरं, पुढच्या चाकाला स्प्रिंगचे दांडे, आणि मागेपुढे बाकी काहीही नाही. कॅरियर नाही, मडगार्ड नाही. अमरावतीच्या शेजारीणबाईंनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, एवढे पैसे घेऊन स्टँडसुद्धा देत नाहीत का? ही सायकल रस्त्यासाठी नसते. ती डोंगरातल्या गुरांच्या वाटांसाठी असते, दगडांवरून, मुळांवरून, नाल्यातून. अमरावतीत तिला ते सगळं हाताशी होतं. पोहऱ्याचं जंगल, मालखेडकडच्या टेकड्या, सुट्टी मिळाली की चिखलदरा. उजाडायच्या आत पाच-सहा पोरंपोरी निघायची आणि दहाच्या सुमारास ओरखडलेल्या पोटऱ्या घेऊन परत यायची. तिथे बिबट्या आहे, असं तिच्या बाबांनी शंभरदा सांगून झालं होतं. बिबट्याला पण कळू दे मी आहे, असं तिचं उत्तर.

दिवसभर त्या पडद्यासमोर बसून हिचा चेहरा चिंचेसारखा आंबून जाई. सायकलवरून आली की तो सुटा व्हायचा. ते मला दिसत होतं, म्हणून मी तिच्या सायकलला कधी नावं ठेवली नाहीत. करार असा झाला, की ती माझ्यासोबत येईल आणि दिवाळीपर्यंत बघेल. चालवण्यासारखं काही सापडलं तर राहील, नाही तर बाबांकडे परत. तिने हे अगदी गोड बोलून ठरवलं. मी मान डोलावली आणि रात्रंदिवस नकाशे बघू लागले.

घर मिळालं ते गावाच्या टोकाला. माळ्याचं घर. मागे त्यांचं वावर, त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि कडेने झेंडू-शेवंती. वरच्या दोन खोल्या आमच्या, खाली काका आणि काकू. मुलं पुण्याकडे नोकरीला. काका साठीचे, उंच, बोलके. पहाटे भाजी आणि फुलं मालवाहू ऑटोत घालून मंडईत नेत आणि ऊन चढायच्या आत परत येत. सायकल पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिली, उचलून पाहिली, आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये फवारणी पंपाशेजारी तिला जागा करून दिली.

पहिले दोन महिने वाईट गेले. पावसाळ्याचे दिवस. ती वावरांमधल्या पांदणीने जायची, कारण माती असलेला रस्ता तोच. रेगूर मृदा ओलावा धरून ठेवते, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. कशी धरून ठेवते ते मला हिच्या चाकात दिसलं. काळी माती टायरला चिकटे, मग तिच्यावर आणखी, मग ती स्प्रिंगच्या दांड्यांत ठासून बसे आणि चाक फिरायचंच थांबे. ढकलताही येईना. मग बाईसाहेब सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून चालत. एकदा काकांनी तिला तशी पाहिली आणि ऑटो वळवून सायकलीसकट घरी आणलं. अख्ख्या आळीने ते पाहिलं.

कोरड्या डांबरी रस्त्यावर गेली तर माणसं जाऊ देत नसत. वऱ्हाडात एकटी पोरगी घामेजलेली सायकल मारताना दिसली की तिची गाडी बंद पडलीय किंवा घरी भांडण झालंय, याशिवाय तिसरं कारण कोणाला सुचत नाही. "काहून वं, कुठी जाऊन राहिली एवढ्या उन्हात? टाक ते सायकल मांगं, सोडून देतो." दूधवाले थांबत, ट्रॅक्टरवाले थांबत. एका जीपवाल्याने तर तिचं काही न ऐकता सायकल टपावर चढवायला घेतली. ती घरी येऊन आधी हसायची. नंतर हसेनाशी झाली. संध्याकाळी दार लावून घ्यायची आणि आतून फोनवर अमरावतीच्या ग्रुपची बडबड ऐकू यायची. ते त्या सकाळी पोहऱ्याला कुठून उतरले, कोण पडलं, कोणाचं टायर फाटलं. मी पोळ्या करत ऐकत असायची. कोणाला सांगणार, की बाबांनो, जरा हळू बोला?

मग तिला पातूर सापडलं. नवसाच्या बाईंनी सांगितलेली तीच बाजू, पण देवळाच्या टेकडीच्या पुढे, घाट सुरू होतो तिथे. मोठा रस्ता सोडून आत वळलं की मुरमाड टेकड्या, सागाची झाडी आणि गुरांच्या वाटा. मुरूम पावसात चिकटत नाही. पहिल्यांदा ती तिकडून आली तेव्हा हात न धुता स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती. एक वाट आहे आई, वरून सरळ नाल्यापर्यंत येते, मध्ये तीन वळणं, एका वळणावर दगडाची पायरी. मी भूगोलाची शिक्षिका असूनही मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त तिच्याकडे पाहत होते.

त्यानंतर दर रविवारी आमच्या जुन्या मोटारीच्या मागे सायकल बांधायची, मी चालवायची, आणि नाल्यापाशी झाडाखाली चहाचा थर्मास आणि तपासायच्या वह्या घेऊन बसायची. ती सायकल ढकलत वर जाई आणि थोड्या वेळाने झाडीतून धूळ उडवत उतरे. मधल्या दिवसांत ती घराजवळच फिरून येई. परत आली की फाटकापाशी ब्रेक दाबायची आणि सायकल अशी किंचाळायची की काकूंची कोंबडी उडायची.

काकांना ते सहन होत नसे. त्यांच्या शेडमधली एकही वस्तू आवाज करत नसे. मोटरपंप, फवारा, काकूंचं शिलाई मशीन, तराजूची साखळीसुद्धा तेल पिऊन गप्प. "पोरी, गाडी ओरडून राहिली तुयी," ते म्हणायचे. "तेल मांगते ते."

"काका, ते ब्रेक ओरडतात. ओले झाले की ओरडतात."

"लोखंड कोरडं झालं का ओरडतेच नं."

ती हसायची आणि वर यायची. चेनला ती स्वतः कसलंसं महागडं तेल देत असे, दोन बोटांनी, औषध द्यावं तसं. काकांनी ते पाहिलं होतं. एवढ्या मोठ्या गाडीला एवढंसं तेल, असं त्यांनी काकूंना सांगितलेलं मला काकूंकडून कळलं.

दसऱ्याला आम्ही दोघी अमरावतीला गेलो. अंबादेवीचं दर्शन घेतलं, सोनं वाटलं, रात्री तिच्या बाबांनी जिलेबी आणली. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत अगदी सहज म्हणाली, "चालून जाईल गं आई अकोला. एवढं काही वाईट नाही." मी गिअर बदलला. काही बोलले असते तर रडले असते, आणि हमरस्त्यावर रडत गाडी चालवणं बरं नाही.

घरी पोहोचलो तर सायकल अंगणात उभी होती. स्टँड नाही म्हणून काकांनी तिला दोन विटांच्या आधाराने उभी केली होती. धुऊन लख्ख. हँडलला झेंडूचा जाड हार, दांड्यावर हळदीकुंकवाची बोटं, चाकाशी नारळाचं पाणी शिंपडल्याच्या खुणा. दसरा म्हणजे काकांचा वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस, अख्ख्या गावाला झेंडू लागतो. त्या दिवशी पहाटेपासून मंडईत उभं राहून आलेल्या माणसाने घरी येऊन पंप धुतला, ऑटो धुतला, विळे-खुरपी धुतली, आणि मग ही सायकल. आता ते पायरीवर बसून आमची वाटच पाहत होते.

"आपल्या घरातलं लोखंड पुजल्याशिवाय ठेवत नाई आमी," ते म्हणाले.

तिला भरून आलं. तिने सायकलचे फोटो काढले, काकांसोबत काढले, काकूंना हाराशेजारी उभं करून काढले आणि ग्रुपला पाठवले. त्या रात्री ती खाली त्यांच्याकडेच जेवली. हे आपल्या घरातलं लोखंड झालं, म्हणजे आपणही घरातले झालो, असं माझ्या मनात आलं आणि मी बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपले.

रविवारी आम्ही पातूरला गेलो. तोवर सायकलवरच असलेला हार काढून तिने गाडीत पुढे ठेवला होता. ती वर गेली. मी वह्या उघडल्या. सातवीच्या मुलांनी वाऱ्यांच्या दिशा उलट्या काढल्या होत्या, त्यावर लाल रेघा मारत होते. झाडीत आवाज आला तशी मी मान वर केली.

ती उतरत होती. नेहमी ती वळणाआधी हळू होई, सायकलचं मागचं चाक थोडं घसरे, दगड खडखडत. त्या दिवशी तसं काही नव्हतं. ती सरळ येत होती, सुसाट, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. मला वाटलं, आज किती छान जमतंय हिला. मी हात वर करून हलवला. आजही तो हलवलेला हात मला दिसतो. ती ओरडत होती आणि मला वाटलं आनंदाने ओरडतेय.

तिसऱ्या वळणावर सायकल वळली नाही. ती आणि सायकल वेगवेगळ्या दिशांना गेल्या. मी पळाले. खालच्या वावरातले दोघं नवरा-बायको माझ्या आधी पोहोचले होते. ती बसलेली होती, डावा हात उजव्या हाताने धरून, तोंडावर माती. त्या बाईने तिला पदराने वारा घातला. मी नुसती तिच्याभोवती फिरत होते. कुठे हात लावावा तेच कळेना.

गाडीत बसवल्यावर ती पहिल्यांदा बोलली. त्या माणसाने सायकल आणून मागच्या सीटवर टाकली होती, चाक तिच्या खांद्याजवळच आलं होतं. चाकाच्या मधोमध एक पातळ लोखंडी चकती असते, ब्रेक तिलाच चिमटीत पकडतो. तिने त्या चकतीवर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. चकचकीत होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा वास मला चांगला ओळखता येतो.

"डिस्कला तेल आहे आई. दोन्ही चाकांच्या." मग थोड्या वेळाने, "वरच कळलं होतं मला, ब्रेक धरत नाहीये. वाटलं धुतल्याचं पाणी असेल, दोनदा दाबलं की धरेल."

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. कॉलर बोन, डॉक्टर म्हणाले, जुळून येईल, पट्टा बांधा, हलवू नका. कोपर आणि गाल सोलवटले होते. डोकं हेल्मेटमुळे वाचलं. अमरावतीहून तिचे बाबा दुकान बंद करून आले. ते घाबरले की चिडतात, तसे चिडलेले होते. त्यांना मी बाहेर व्हरांड्यात सगळं सांगितलं, तेलासकट.

संध्याकाळी काका-काकू दवाखान्यात आले. काकूंनी डब्यातून शिरा आणला होता. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मग म्हणाले, "बिरेक लागले नाई म्हणते?"

"हो काका."

"असं कसं होते? मी आपल्या हातानं तेल देल्लं होतं. दोनी चाकाले. ते चकती कोरडी पडली होती, तिले गोल गोल फिरवून थेंब थेंब टाकलं. तरी बिरेक लागू नाई?"

तिच्या बाबांनी तोंड उघडलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिचं ते पाहणं जन्मात विसरणार नाही, चोवीस वर्षांची पोर आपल्या बापाला डोळ्यांनी गप्प बसवत होती. "उतारच तसा होता काका," ती म्हणाली. "मीच जास्त जोरात आले." काकांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. जाताना ते सायकल बनवणाऱ्याला शिव्या घालत गेले, की एवढा पैसा घेऊन बिरेकसुद्धा धड देत नाहीत.

घरी आल्यावर आठवडाभरात तिने मला सांगितलं की ती अमरावतीला जाणार. दिवाळीला बाबा न्यायला येतील तेव्हाच. सायकलचा प्रश्न उरला नव्हता, हाड जुळेपर्यंत तसंही चालवता येणार नव्हतं. "डोळे मिटले की ते वळण दिसतं," ती म्हणाली. "आणि खाली ते दिसतात. रोज विचारतात, बरं वाटते का? मला राग येतो आई. त्यांच्यावर येऊ शकत नाही, म्हणून मग कशावरही येतो. मला इथे नको वाटतंय."

मी म्हटलं, जा. दुसरं काय म्हणणार होते? मी कुठला डोंगर आणून देणार होते, की तेल पुसून देणार होते? तिच्या डाव्या हाताला पट्टा होता म्हणून तिची बॅग मीच भरायला घेतली. स्वेटर, चार्जर, औषधं, ते जाड तळव्यांचे सायकलचे बूट. एकेक वस्तू घडी करून ठेवताना मी मनातल्या मनात तिला काय काय सांगत होते. राहा गं. रविवारी कुठे नको जाऊ, नुसती राहा. तोंडाने मी फक्त विचारलं, टॉवेल नवा नेतेस की जुना?

दरम्यान काका गप्प झाले होते. त्यांची बडबड कमी झाली की काकूंचा जीव खालीवर होतो, त्याच मला सांगायला आल्या. ते जेवत नाहीत नीट, मंडईतून उशिरा येतात. नंतर कळलं की ते बाजारातल्या सायकलच्या दुकानांत जाऊन बसत होते. जिथे अशा दातेरी टायरांच्या सायकली दिसतील तिथे थांबून त्या चकतीबद्दल विचारत होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी ते वर आले. ते कधीच वर येत नसत, आमच्याकडे काही द्यायचं असलं तरी खालूनच हाक मारत. ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मी आतल्या खोलीत, बॅगेची चेन लावत होते. मधला पडदा अर्धा ओढलेला होता. काका दारातच उभे राहिले, चप्पल काढून.

"पोरी, एक विचारतो. खरं सांगशील?"

"विचारा नं काका."

"दुकानवाला म्हणते, त्या चकतीले तेलाचा थेंबही लागला तं बिरेक जाते. माणूस मरू शकते म्हणते." ते थांबले. "माया तेलानं झालं का ते?"

आत मी बॅगेवर हात ठेवून उभी होते. मला वाटलं ती आता रडेल, किंवा हो म्हणेल. हो म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता.

"नाई काका," ती म्हणाली. "दुकानवाल्याले काय कळते? मी वर जायच्या आधी कापडानं सारं पुसून घेतलं होतं."

"सच्ची सांगून राहिली का?"

"तेलानं झालं असतं तं मी राह्यली असती का इथं? कवाचीच चालली गेली असती अमरावतीले. मी तं इथंच राहून राहिली नं. दिवाळीनंतरही राहीन. विचारा आईले."

मी पडदा सारून बाहेर आले. काका माझ्याकडे बघत होते. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, हो काका, ती इथेच आहे. माझा आवाज वर्गात निघतो तसा निघाला, स्पष्ट आणि मोठा.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. दारातच खाली बसले, मग उठले. काकूंनी चकल्या केल्या आहेत, पाठवतो म्हणाले. जिन्याने उतरताना त्यांचा आवाज ऐकू आला, काकूंना हाक मारत होते, किती दिवसांनी तशी मोठ्याने.

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि उजव्या हाताने बॅगेची चेन उघडू लागली. चेन अडकत होती. मी करू का म्हणून विचारलं. नको म्हणाली. तिने एकेक कपडा काढून परत कपाटात ठेवला, घड्या मोडत, आणि मला म्हणाली की बाबांना फोन कर, दिवाळीला सहज या म्हणावं, मला न्यायला नको.

मी फोन हातात घेतला. इतके महिने ज्याच्यासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते ते मला मिळालं होतं, आणि मला ते परत करता येत नव्हतं.